हंफ्रीबाईंच्या खिडकीतले हसू

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर २७ क्रमांकाच्या घरात हॅना हंफ्री नावाच्या बाईंचे छापचित्रांचे दुकान होते. बाई अविवाहित, तरी गिऱ्हाइके त्यांना रीतीप्रमाणे 'मिसेस' म्हणत. दुकानाच्या वर त्यांचा चित्रकार राहत असे. त्याचे नाव जेम्स गिलरे. फेब्रुवारी १८०८ मध्ये एका पाद्री मित्राच्या कल्पनेवरून गिलरेने या दुकानाचेच चित्र कोरले. निसरड्या हवेचा दिवस आहे. एक वृद्ध गृहस्थ पाय घसरून फरसबंदीवर उताणे पडले आहेत. जवळची नाणी विखुरली आहेत, पण हातातला तापमापक मात्र त्यांनी शर्थीने सांभाळला आहे. त्यांच्याकडे कोणाचेही लक्ष नाही. मागे दुकानाच्या खिडकीपुढे माणसांचा घोळका पाठमोरा उभा आहे आणि काचेआड लावलेली चित्रे पाहण्यात तो गुंग झाला आहे. निरखून पाहिले तर ती चित्रे गिलरेचीच आहेत.

चित्र तसे किरकोळ. हवेच्या तऱ्हांवर काढलेल्या एका मालिकेतले ते एक. परंतु जॉर्जियन काळातल्या उपहासचित्रांचा सारा व्यवहार त्यात सामावला आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. काचेआत विकत मिळणारे हसू, काचेबाहेर फुकट हसणारे लोक, आणि त्यांच्या पाठीमागे खरोखर पडलेला माणूस.

१७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर लागोपाठ चार जॉर्ज बसले, त्यांच्यावरून या काळाला हे नाव पडले. या अवधीत लंडनमध्ये हजारो उपहासचित्रे छापली गेली. त्यांतील राजकीय चित्रांचा बोलबाला मोठा आहे. पिट आणि नेपोलियन जेवणाच्या मेजावर बसून पृथ्वीगोलाचे पुडिंग आपापल्या वाट्याने कापून घेत आहेत, हे गिलरेचे १८०५ चे चित्र इतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार छापले जाते. पण राजकीय चित्र दोनशे वर्षांनी पाहायचे म्हणजे शेजारी टीप हवी. कोणता मंत्री, कोणते विधेयक, कोणाची कोणाशी युती, हे कळेपर्यंत हसू विरून जाते. दैनंदिन जीवनावरील चित्रांचे तसे नाही. दुखरा दात, सुजलेला पाय, चिखल, दाटीवाटीची मेजवानी, संगीताचा सोस असलेली पत्नी, यांना भाष्यकाराची गरज पडत नाही. म्हणूनच समीक्षकांनी ही चित्रे दुय्यम मानली असावीत. ज्याला टीप लागत नाही ते विद्वानांना थोडे हलकेच वाटते.

या चित्रांविषयी एक मत इतक्या वेळा मांडले गेले आहे की आता त्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. ते असे की, जो समाज स्वतःवर हसू शकतो तो मोकळा समाज, आणि अठराव्या शतकातील इंग्रज समाज तसा होता. आमच्या पिढीने इंग्रजी पुस्तकांतून हे मत जसेच्या तसे घेतले. ते सर्वस्वी खोटे नाही. पण 'स्वतःवर' या शब्दात कोण कोण येते, हा प्रश्न चित्रे समोर ठेवून विचारला पाहिजे.

आधी व्यवहार पाहू. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यावर सुईने रेषा ओढायची, पत्रा आम्लात बुडवायचा, रेषा खोल उतरल्या की शाई भरून कागदावर दाब द्यायचा. छाप निघाली की ती हाताने रंगवायची. हे रंगकाम बहुधा अल्प मोबदल्यावर काम करणाऱ्या स्त्रिया आणि मुले करीत. एका सुंदरीच्या गालावरचा गुलाबी रंग एका नमुन्यावरून शेकडो प्रतींवर चढवणाऱ्या त्या हातांचे चित्र मात्र या हजारोंत सहजी सापडत नाही. साधी प्रत सहा पेन्सच्या आसपास आणि रंगीत प्रत एक ते दोन शिलिंगांना मिळे. मजुराच्या दिवसभराच्या कमाईचा मोठा भाग एका कागदावर खर्च व्हावा, अशी ही किंमत. तेव्हा विकत घेणारा वर्ग उघड आहे: उमराव, वकील, लष्करी अधिकारी, सधन व्यापारी. पिकॅडिलीतील फोर्स नावाचा दुकानदार चित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळपुरते भाड्याने देई. जेवणानंतर दिवाणखान्यात पाहुण्यांपुढे गठ्ठा सोडायचा आणि पाने उलटीत हसायचे. विल्यम हॉलंडने तर एक शिलिंग प्रवेशमूल्य लावून चित्रांचे दालनच थाटले होते.

म्हणजे ज्यांच्यावर हसायचे आणि ज्यांच्याकडून पैसे घ्यायचे ते बहुतांशी एकच लोक. उपहास करणाऱ्याला आपले गिऱ्हाईक दुखवता येते, पण किती? त्याच्या विगाची उंची, पोटाचा घेर, नाचताना उडणारी फजिती, यांवर तो खुशाल हसू शकतो. त्याच्या उत्पन्नाला हात लावला की दुकान बंद. सत्तेलाही हे गणित ठाऊक होते. हॉलंडला राजद्रोही लेखन विकल्याबद्दल १७९३ मध्ये न्यूगेटच्या तुरुंगात जावे लागले. गिलरेला १७९७ पासून काही वर्षे सरकारकडून सालीना २०० पौंड मिळत होते. चौथा जॉर्ज गादीवर आला त्या १८२० साली जॉर्ज क्रुकशँकने १०० पौंड घेऊन, राजाला अनैतिक स्थितीत रंगवणार नाही, असे लिहून दिले. ती पावती राजघराण्याच्या दप्तरात जपून ठेवलेली आहे. स्वतःवर हसणाऱ्या समाजाने हसण्याचा दर असा ठरवून टाकला होता.

तरीही या मर्यादेच्या आत केवढे कसब आहे! गिलरेची १८०५ मधील एक जोडी पाहा. पहिल्या चित्रात विवाहापूर्वीचे प्रेमी युगुल आहे. ती हार्प वाजवते आहे, तो तिच्याजवळ वाकून तिच्याबरोबर गातो आहे, पायाशी दोन मांजरे लाडात खेळत आहेत. दुसऱ्या चित्रात तेच दोघे विवाहानंतर. ती पियानोवर बसून मोठ्याने गाते आहे आणि तिची पाठ नवऱ्याकडे आहे. तो न्याहारीच्या मेजाशी कानावर हात ठेवून वाचतो आहे. दाई रडते मूल आणि खुळखुळा घेऊन दारात. कुत्रा मांजरावर भुंकतो आहे. पिंजऱ्यातले दोन पक्षीही एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत. विषय जुनाच, आपल्याकडच्या प्रहसनांनीही तो भरपूर वापरला. पण गिलरेने दोन चित्रांत आवाज बदलला आहे, हे विशेष. पहिल्यात सूर ऐकू येतो, दुसऱ्यात गोंगाट, आणि दोन्हींत वाद्य वाजवणारी व्यक्ती तीच. तिने संगीत शिकले ते विवाह जमवण्यासाठी. विवाह जमल्यावर त्या विद्येचे काय करायचे हे तिला कोणी शिकवलेच नाही. ही गोष्ट गिलरेला म्हणायची होती की नाही, सांगता येत नाही. चित्राची सहानुभूती नवऱ्याच्या कानाकडे आहे. पण आज पाहणाऱ्याचे लक्ष तिच्या पाठीकडे जाते.

त्याच्या 'गाऊट' या १७९९ च्या चित्रात मात्र कोणाचीच बाजू नाही, कारण त्यात माणूसच नाही. उशीवर ठेवलेला एक उघडा सुजलेला पाय, आणि अंगठ्याच्या सांध्यात दात व नख्या रुतवून बसलेला एक काळा चिमुकला राक्षस. गाऊट म्हणजे आपल्या वैद्यांचा वातरक्त. पोर्ट मद्य आणि मांसाहाराने माजलेल्या श्रीमंतांचा आजार म्हणून त्याची सर्रास थट्टा होई. गिलरेने श्रीमंत काढला नाही, खुर्ची काढली नाही, बाटलीही काढली नाही. फक्त वेदना काढली. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी हे चित्र पाहून हसावे की विव्हळावे, त्यांचे त्यांनी ठरवावे.

दिवाळी अंकांतील मोजक्या रेषांच्या चित्रांवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना या काळातली बाकीची चित्रे प्रथम थकवतात. कागद खच्चून भरलेला असतो. प्रत्येक कोपऱ्यात काही ना काही चाललेले, भिंतीवर चित्रात चित्र, टेबलावर पुस्तकाचे उघडे पान, त्यावरही मजकूर. ही सवय विल्यम होगार्थने लावली. त्याचे 'जिन लेन' १७५१ चे. पायऱ्यांवर बसलेली दारूच्या नशेतली आई तपकिरीची चिमूट घेते आहे आणि तिच्या हातून मूल कठड्यावरून खाली पडते आहे. त्या गल्लीत भरभराट आहे ती गहाणवट घेणाऱ्या सावकाराची. जोडीच्या 'बिअर स्ट्रीट' या चित्रात सगळे गुटगुटीत आणि आनंदी, आणि डबघाईला आलेला एकटा सावकार. उपदेश इतका उघड असूनही 'जिन लेन' आजही अंगावर येते. 'बिअर स्ट्रीट' कोणाच्या फारसे लक्षात राहत नाही. आपले चित्र गरिबांच्या हाती पडावे असे वाटणारा या परंपरेतला होगार्थ हा विरळा माणूस. क्रौर्याच्या चार पायऱ्या दाखवणारी त्याच वर्षीची मालिका स्वस्तात विकता यावी म्हणून त्याने लाकडी ठशांवर कोरून घेण्याचा खटाटोप केला. दोन ठसे झाले आणि तो बेत सुटला. पुढच्या पिढीला असे काही वाटल्याचे दिसत नाही.

पुढच्या पिढीचा थॉमस रोलंडसन हा या लेखाचा खरा विषय म्हणता येईल, कारण दैनंदिन जीवनाचे दर्शन त्याच्याइतके विपुल कोणी घडवले नाही. व्यापारात बुडालेल्या बापाचा हा मुलगा रॉयल अकॅडमीत शिकला, नातलग स्त्रीकडून आलेला पैसा जुगारात घालवून बसला, आणि मग पोटासाठी आयुष्यभर काढीत राहिला. खानावळी, घोडागाड्या, बाथचे आरोग्यस्नान, लिलाव, नाटकगृहे, तुरुंग, काही सुटले नाही. त्याची रेषा इतकी लाघवी आहे की तिचाच त्याला अडथळा होतो. लठ्ठ पोट, वाकडी गाडी आणि झाडाची फांदी तो एकाच गोड वळणाने काढतो. दुःखालाही तेच वळण लाभते, आणि मग ते दुःख राहत नाही. सॉमरसेट हाउसच्या चित्रप्रदर्शनात जाण्यासाठी एक अरुंद चक्राकार जिना चढावा लागे. त्यावरून घसरत, एकमेकींवर कोसळत येणाऱ्या स्त्रिया आणि चष्मे लावून त्यांच्याकडे पाहणारे म्हातारे, असे त्याचे प्रसिद्ध चित्र आहे. 'स्टेअर' म्हणजे जिना आणि 'स्टेअर' म्हणजे टक लावून पाहणे, अशी कोटी शीर्षकात आहे. दिसायला थट्टा त्या म्हाताऱ्यांची. पण चित्रकाराने पाहणाऱ्याला उभे केले आहे ते त्या म्हाताऱ्यांच्याच शेजारी, आणि जे ते पाहतात तेच आपल्यालाही दाखवले आहे. पडणाऱ्यांपैकी एकीच्याही चेहऱ्यावर इजा झाल्याची खूण नाही. या हसण्यात स्त्रिया विषय आहेत, भागीदार नाहीत. हंफ्रीबाईंसारख्या स्त्रिया हा धंदा चालवीत होत्या हे लक्षात घेतले, तर ही गोष्ट अधिकच खटकते.

आणि याच रोलंडसनने १७८७ मध्ये एक चित्र काढले, ज्यापुढे मला गिलरेची सारी राजकीय चित्रे फिकी वाटतात. विषय आहे दातांचे रोपण. पडलेल्या दाताच्या जागी दुसऱ्याचा जिवंत दात उपटून बसवण्याची टूम त्या काळात श्रीमंतांत निघाली होती. नामवंत शल्यविशारद जॉन हंटर याने तिचा पुरस्कार केला होता. दात फार काळ टिकत नसे, आणि देणाऱ्याचा रोग घेणाऱ्याला जडण्याचे भय असे. चित्रात दंतवैद्याचे ऐटबाज दालन आहे. धुराडी साफ करणारा काजळीने माखलेला पोरगा खुर्चीत बसला आहे आणि दंतवैद्य त्याचा दात उपटतो आहे. तो दात शेजारच्या नटलेल्या स्त्रीच्या तोंडात जायचा आहे. एक शौकीन गृहस्थ आरशात आपले नवे दात न्याहाळतो आहे. दारावर पाटी आहे: जिवंत दातांना सर्वांत जास्त दाम. आणि त्याच दारातून दोन फाटकी मुले गाल धरून बाहेर पडत आहेत. त्यांतली मुलगी तळहातावरच्या नाण्याकडे पाहते आहे.

त्या मुलीपाशी रोलंडसनची गोड रेषा प्रथमच थबकते. मुलगी रडत नाही. मोबदला मोजते आहे. धुराड्यांत पोरांना घालण्याबद्दलचा पहिला कायदा इंग्लंडमध्ये १७८८ साली झाला आणि त्याने किमान वय ठरवले ते आठ वर्षे. चित्र त्याच्या आदल्या वर्षीचे. चित्राने कायदा घडवला असे म्हणण्याला आधार नाही, आणि म्हणण्याची गरजही नाही. मुद्दा एवढाच की येथे खरेदीदाराच्या खिशाला, किंबहुना त्याच्या तोंडाला, हात लागला आहे. एरवी तो वर्ग इतरांचे श्रम घेतो. येथे तो त्यांचे हाड घेतो आहे. आणि हे चित्रही त्याच दुकानांत, त्याच गिऱ्हाइकांना विकले गेले! ती मंडळी हसली असतील का? हसली असावीत, आणि बहुधा नटलेल्या स्त्रीला. आपले लक्ष दाराकडे जाते ते आपण अधिक सहृदय आहोत म्हणून, असा गैरसमज करून घेऊ नये. काळाने आपल्याला त्या खुर्चीपासून लांब नेले आहे, एवढेच.

ही चित्रे इतिहासाचे साधन म्हणून कितपत विश्वासार्ह, हा वाद जुना आहे. ब्रिटिश म्युझियममधील संग्रहाची बृहत्सूची एम. डोरोथी जॉर्ज या विदुषीने पुढे नेली. १७७१ ते १८३२ या काळाचे तिचे सात खंड १९३५ ते १९५४ या वर्षांत प्रसिद्ध झाले. त्याआधी १९२५ मध्ये तिने अठराव्या शतकातील लंडनच्या जीवनावर ग्रंथ लिहिला होता. गरिबांच्या दप्तरांतून वाट काढलेल्या या बाईने चित्रांना कागदपत्रांची प्रतिष्ठा दिली, हे तिचे मोठे काम. सूची आणि चित्रे दोन्ही आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात. पाहताना एक पथ्य मात्र पाळावे. चित्राच्या मध्यभागी जे आहे त्यात अतिशयोक्ती असते, कारण ते विकायचे असते. केशरचना खरोखरच छताला टेकत नव्हती. पण कोपऱ्यातली किटली, शेगडीची जाळी, भिंतीवरचा खिळा, नोकराच्या फाटक्या मोज्याची गाठ, यांत खोटे बोलण्याचे चित्रकाराला कारण नव्हते. खरा इतिहास पाहायचा तो तेथे.

कोपऱ्यातले हे सत्य चित्रकाराच्या डोळ्यांसमोर असलेल्या जगापुरते. तो न पाहिलेल्या जगाचे चित्र काढतो तेव्हा काय होते, याचे उदाहरण आपल्या घराजवळचे आहे. १८१६ मध्ये टेग नावाच्या स्वस्त चित्रांच्या प्रकाशकाने 'द ग्रँड मास्टर, ऑर अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ क्वी हाय इन हिंदोस्तान' हे उपहासकाव्य काढले. कवीने 'क्विझ' हे टोपणनाव घेतले होते, चित्रे रोलंडसनची. 'क्वी हाय' म्हणजे आपले 'कोई है!' नोकराला हाक मारण्याची साहेबी तऱ्हाच नायकाचे नाव झाली. हा तरुण कंपनीच्या फौजेत नशीब काढायला मुंबईस येतो, मद्य आणि मुशाहिऱ्याची वाट पाहण्यात दिवस काढतो, रात्री डोंगरीला फेरी मारतो. घारापुरीची लेणीही एका चित्रात आहेत. शेवटी वैद्याच्या मदतनिसाची अखेरची भेट होते आणि कथा संपते. शीर्षकातला 'ग्रँड मास्टर' म्हणजे तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉयरा.

रोलंडसन हिंदुस्थानात कधी आला नव्हता. डोंगरी त्याने इतरांच्या वर्णनांवरून रचली, आणि ते लगेच जाणवते. लंडनच्या खानावळीतल्या कळकट पोऱ्यालाही तो स्वतंत्र नाक आणि स्वतंत्र लबाडी देतो. मुंबईतली आपली माणसे मात्र पागोट्यावरून आणि वर्णावरून ओळखू यायची. चेहऱ्यावरून त्यांच्यात भेद करणे कठीण. ज्या कोपऱ्यांवर विश्वास ठेवा असे वर म्हटले ते येथे रिकामे आहेत, कारण ते भरायला त्याच्याजवळ आठवणी नव्हत्या. गिलरेचे १७८६ चे एक चित्र याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रज तरुणींचा लिलाव चालला आहे आणि एकीला तर लाख रुपयांच्या पिंपाशी तराजूत तोलले जात आहे. गिलरेही इकडे आला नव्हता. पण त्याचा विषय लंडनमधला विवाहाचा बाजारच होता, हिंदुस्थान केवळ मंडप. म्हणून ते चित्र जिवंत आहे. रोलंडसनला खुद्द मुंबई दाखवायची होती, आणि ती त्याच्या हाती लागली नाही.

त्या पुस्तकावर लंडनने हसून घेतले: कर्जबाजारी, तापाने पिवळा पडलेला, 'कोई है' म्हणून ओरडणारा पोरसवदा शिपाईगडी, आणि त्याच्यावरचे मानकरी लॉर्ड मॉयरा. पुस्तक निघाले त्या वर्षी पुण्याला पेशव्यांची गादी होती आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेथे रेसिडेंट होता. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, खडकीला लढाई झाली. पेशव्यांच्या फौजेसमोर जी फौज उभी होती तिच्यात मुंबईच्या पलटणी होत्या, त्यांचे अधिकारी क्वी हायच्याच वयाचे आणि त्याच्याच वळणाचे होते, आणि ते युद्ध चालवणारे गव्हर्नर जनरल होते लॉर्ड मॉयरा, तोवर मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज झालेले.